सरळ दात, निरोगी दात : वेळेवर तपासणी व अखेरपर्यंत साथ



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या उपचाराची माहिती साध्या शब्दांत द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. विषय आहे वेडेवाकडे दात व त्यांवरील उपचार. बाळंतपण, सर्पदंश, हृदयविकार यांपुढे दातांच्या रांगेचे ते काय महत्त्व, असा प्रश्न एखाद्या देणगीदाराने विचारल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. धर्मादाय रुग्णालयाचा पैसा हौसेवर खर्च होऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. यास्तव या उपचारात हौस किती व गरज किती, आणि मेडशी परिसरातील मुलांसाठी ट्रस्टचा रुपया नेमका कोठे पडल्यास अधिक फळ देईल, याचा विचार येथे केला आहे. आम्ही व्यवस्थापनाचे व हिशेबाचे काम पाहतो. पुढील माहिती दंतवैद्यकातील सर्वमान्य ज्ञानावर आधारलेली असली, तरी प्रत्येक मुलाबाबतचा निर्णय त्यास तपासणाऱ्या दंतवैद्यांचाच होय.

शाखेची ओळख

वेडेवाकडे दात आणि वरच्या-खालच्या जबड्यांचा बिघडलेला मेळ सुधारणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस ऑर्थोडॉन्टिक्स असे म्हणतात. मराठीत तिला दंतव्यंगोपचार म्हणता येईल. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या विसंगतींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले व १९०० मध्ये सेंट लुईस येथे या विषयाचे स्वतंत्र विद्यालय काढले. वरची व खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते, यावर आधारलेले ते वर्गीकरण आजही वापरात आहे. भारतात या विषयातील तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे, तर पूर्वीच्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासूनचे आहे.

बी.डी.एस. ही पदवी घेतल्यानंतर आणखी तीन वर्षे अभ्यास करून या शाखेची एम.डी.एस. पदवी मिळते. असे तज्ज्ञ साहजिकच मोठ्या गावांत एकवटलेले असतात. मेडशी हे अकोला-वाशीम मार्गावरील गाव. येथील पालकास तज्ज्ञांकडे जायचे तर पातूरचा घाट उतरून अकोल्यास, नाहीतर मालेगावमार्गे वाशीमला जावे लागते. अंतराची ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हिशेब तिच्याशी निगडित आहे.

दात वाकडे का येतात?

मुलास साधारण सहाव्या महिन्यापासून दुधाचे दात येऊ लागतात व अडीच-तीन वर्षांपर्यंत ते वीस होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येण्यास आरंभ होतो. अक्कलदाढा सोडून बाकीचे अठ्ठावीस दात साधारणतः बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत येतात. दात वाकडे येण्यामागे पुष्कळदा आनुवंशिकता असते. दात मोठे व जबडा लहान, किंवा एक जबडा दुसऱ्यापेक्षा पुढे वा मागे, असा वारसा मूल जन्मतःच घेऊन येते. तीन-चार वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय टिकली, तर वरचे पटाशीचे दात पुढे येतात. नाक सतत चोंदून मूल तोंडाने श्वास घेत असेल, तर त्याकडेही लक्ष द्यावयास हवे.

तथापि एक कारण पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे व ते आपल्या भागात वारंवार दिसते. ते कारण म्हणजे दुधाच्या दाढा वेळेआधी जाणे. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असे म्हणून किडलेल्या दाढेकडे दुर्लक्ष होते आणि ठणका सहन होईनासा झाला की ती काढून टाकली जाते. प्रत्यक्षात दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी त्या जागा धरून ठेवतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि कोणी तो रुमाल उचलून फेकावा, तसा हा प्रकार होतो. मागची दाढ पुढे सरकते, मोकळी जागा बुजते, आणि नंतर येणारा दात मिळेल त्या वाटेने, आडवातिडवा बाहेर पडतो.

याहून मोठी हानी पहिल्या कायमच्या दाढेबाबत होते. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. ती येताना कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात. ती किडली तरी ‘दुसरी येईल’ अशा भरवशावर राहतात. दुसरी कधीच येत नाही. संपूर्ण दंतपंक्तीचा खांब म्हणावी अशी ही दाढ असून, अँगल यांचे वर्गीकरणही तिच्यावरच उभे आहे.

दात हलतो तो कसा?

हाडात घट्ट बसलेला दात तारेने सरकतो, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे पातळ तंतूंचे अस्तर असते. दातावर हलका व सातत्याचा दाब दिला की ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विरघळते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड भरते. अशा रीतीने दात साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटर या गतीने सरकतो. दाब वाढविल्याने काम लवकर होत नाही, उलट दाताच्या मुळास इजा पोहोचते. यामुळेच या उपचारास घाई चालत नाही.

ब्रेसेस म्हणजे प्रत्येक दातावर चिकटविलेली लहान ब्रॅकेट व त्यांतून ओवलेली तार. तार आपला मूळचा आकार पुन्हा घेऊ पाहते आणि दातांस बरोबर ओढते. दर चार ते सहा आठवड्यांनी तज्ज्ञ तार तपासतात, बदलतात वा आवळतात. हा उपचार बहुधा १८ ते २४ महिने चालतो. तारा निघाल्यावर दातांची ओढ पुन्हा जुन्या जागेकडे असते. त्यासाठी रिटेनर नावाची पट्टी वा बारीक तार दीर्घकाळ वापरावी लागते. रिटेनर म्हणजे उपचाराचाच उत्तरार्ध होय.

लाभ कोणते, आणि कोणते नाहीत?

देणगीदारांपुढे लाभाची बाजू मांडताना अतिशयोक्ती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. वाकडे दात असले की कीड लागतेच, किंवा सरळ केले की कीड टळते, असे ठामपणे म्हणता येत नाही. किडीचे खरे कारण वारंवारचे गोड खाणे व दात स्वच्छ न ठेवणे हे आहे. वेडेवाकडे दात घासणे अवघड जाते, एवढे मात्र खरे. किंचित वाकड्या दातांना तर कोणत्याही उपचाराची आवश्यकता नसते.

परंतु काही परिस्थितींत हा उपचार निश्चितपणे आरोग्याचा भाग ठरतो. पहिली, पुढे आलेले दात. वरचे दात खालच्यांपेक्षा ३ मिलिमीटरहून अधिक पुढे असल्यास पडण्याने वा धक्क्याने ते दुखावण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. सायकलवरून पडणारी व चिंचेच्या झाडावर चढणारी मुले ज्या गावात आहेत, तेथे ही बाब किरकोळ नव्हे. दुसरी, खालचे दात वरच्या टाळूस टोचून हिरडी जखमी होणे. तिसरी, वरचे व खालचे दात उलटे बसल्याने चावताना जबडा एका बाजूस सरकणे. चौथी, सुळा हाडात अडकून शेजारच्या दाताचे मूळ खाऊ लागणे. हा प्रकार बाहेरून दिसत नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीवर सुळ्याचा उंचवटा बोटास लागत नसेल, तर दंतवैद्यांना दाखवावे.

पाचवी परिस्थिती दुभंगलेले ओठ वा टाळू घेऊन जन्मलेल्या बालकांची. ओठाची व टाळूची शस्त्रक्रिया लहानपणीच होते, पण त्याने काम संपत नाही. हिरडीच्या हाडातील फट भरण्याची शस्त्रक्रिया बहुधा आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा येण्यापूर्वी करतात व तिच्या आधी आणि नंतर दात जुळविण्याचे काम याच तज्ज्ञांना करावे लागते. अशा बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून तो सुरू झाला. अंगणवाडीतील व शासकीय शाळांतील बालकांची त्यात तपासणी होते. दुभंगलेले ओठ-टाळू व दातांचे विकार या दोहोंचा त्यात समावेश आहे. शाळेत तपासणीस पथक येईल त्या दिवशी आपले मूल हजर राहील, एवढी दक्षता पालकांनी अवश्य घ्यावी.

मनाच्या बाजूविषयीही लिहिले पाहिजे. चिडविले जाण्याच्या भीतीने हसताना तोंडावर हात ठेवणारे, वर्गात उभे राहून वाचण्यास कचरणारे मूल त्रास भोगत असते. हा त्रास क्ष-किरणांत उमटत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

वयाचा प्रश्न

सातव्या वर्षाच्या सुमारास प्रत्येक मुलाचे दात व जबडे एकदा तपासून घ्यावेत, असा या शाखेच्या तज्ज्ञांचा सल्ला असतो. लवकर तपासणी म्हणजे लवकर तारा नव्हेत. पुढे आलेल्या दातांवर सात ते अकरा या वयात उपचार केल्यास दात दुखावण्याचे प्रमाण कमी होते. मात्र एरवी अंतिम परिणाम किशोरवयात एकदाच केलेल्या उपचाराएवढाच राहतो, असे अभ्यासांतून आढळले आहे. म्हणजे बहुतेक मुलांबाबत ‘आता थांबा, अमुक वर्षी या’ हाच योग्य सल्ला असतो व तो मिळणे हीदेखील बचतच आहे.

याउलट खालचा जबडा मागे असल्यास वाढीच्या वेगाचा काळ साधावा लागतो. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी, बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या दरम्यान येतो. आपल्याकडे मात्र मुलींच्या दातांचा विचार अनेक घरांत लग्नाची बोलणी सुरू झाल्यावरच होतो. तोपर्यंत जबड्याची वाढ पूर्ण झालेली असते. दात तेव्हाही सरळ करता येतात, प्रौढ वयातही येतात, परंतु जे वाढीच्या साह्याने साधले असते त्यासाठी कधी दात काढावे लागतात, तर कधी जबड्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. शिवाय दोन वर्षांचे काम दोन महिन्यांत करून मागितले जाते, ते कोणालाही शक्य नाही. मुलगी पाचवी-सहावीत असतानाच तिला दाखविण्यात तिचे हित आहे आणि ते तिच्या स्वतःच्या चावण्या-बोलण्यासाठी, तिच्या आरोग्यासाठी आहे, हे पालकांनी जाणावे.

अर्धवट उपचाराचा हिशेब

आता आमच्या क्षेत्रातील, म्हणजे हिशेबाच्या बाजूचा विचार करू. १८ महिन्यांचा उपचार व सहा आठवड्यांनी एक भेट धरल्यास किमान १३ भेटी होतात. २४ महिने व चार आठवडे धरल्यास त्या २६ होतात. रिटेनरच्या भेटी वेगळ्या. प्रत्येक भेटीस मुलाची शाळा बुडते, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते व एसटीचे भाडे लागते. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या गाड्यांत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाल्याने आईने सोबत जाणे काहीसे सोपे झाले, परंतु बुडालेल्या मजुरीस सवलत नसते. जून-जुलैत पेरणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी असते. या दोन हंगामांत भेटी चुकतात. काही कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात, तेव्हा उपचारच थांबतो.

अर्धवट सुटलेला ब्रेसेसचा उपचार हा न केलेल्या उपचाराहून वाईट ठरू शकतो. देखरेखीवाचून राहिलेल्या ब्रॅकेटभोवती अन्न साचते, दातांवर पांढरे डाग पडतात, पुढे तेथेच कीड लागते. तार सुटून गालास टोचते. तारा काढून टाकल्या व रिटेनर घेतला नाही, तर दात मागे फिरतात. झालेला सारा खर्च पाण्यात जातो.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर या उपचारात भांडवली खर्चापेक्षा आवर्ती खर्चाची बाजू निर्णायक आहे. दंतखुर्ची, यंत्रे, इमारत यांसाठी देणगी देणे दात्यास समाधानाचे वाटते. तिच्यावर नाव कोरता येते आणि ती डोळ्यांस दिसते. अशा देणग्यांविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि खुर्ची कितीही चांगली असली तरी चौदाव्या भेटीस मूल पोहोचले नाही, तर तिचा त्या मुलास उपयोग नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक अन्वये व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखल्या जातात. ही व्यवस्था मोलाची आहे, पण तिचा आधार खाट हा आहे. दोन वर्षे महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या मुलाचे बसभाडे खाटांच्या हिशेबात मावत नाही. ती उणीव दात्यांनाच भरून काढावी लागेल.

पालकांस सूचना

१. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने जवळ उभे राहून दात घासून घ्यावेत. राखुंडी व मिसरी वापरू नये.

२. दुधाची दाढ किडल्यास ती भरून घ्यावी. काढावीच लागली, तर जागा राखणारी पट्टी बसविता येईल का, हे विचारावे.

३. तारा असताना ऊस, फुटाणे, सुपारी, बोरे, कडक चिक्की टाळावी. पेरू, गाजर बारीक चिरून खावे. भाकरी दूध वा वरणात कुस्करून खाण्यास हरकत नाही.

४. दातांतील फट बुजविण्यासाठी घरीच रबर चढवू नये. रबर हिरडीखाली सरकून चांगला दात गमावल्याची उदाहरणे दंतवैद्यकात नोंदलेली आहेत. उपचार दंत परिषदेकडे नोंदणी असलेल्या दंतवैद्यांकडूनच घ्यावा.

५. पडल्याने कायमचा दात मुळासकट निघाल्यास तो वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा, मूळ घासू नये. माती असल्यास क्षणभर दुधाने वा पाण्याने धुऊन दात जागेवर बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून शक्यतो तासाभरात दंतवैद्यांकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

नम्र निवेदन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे एका गावातील रुग्णालयाने सर्व काही करावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. आपल्या आटोक्यातील कामे मात्र तीन आहेत व ती विश्वस्त मंडळापुढे आम्ही आदरपूर्वक मांडीत आहोत. पहिले, परिसरातील शाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांची तपासणी करून पहिल्या कायमच्या दाढेचे व दुधाच्या दाढांचे रक्षण करणे. यास खर्च अल्प असून त्याने पुढील कित्येक मुलांच्या तारा टळतील. दुसरे, ज्यांना खरोखर गरज आहे अशा मुलांची निवड दिसण्यावरून न करता वर सांगितलेल्या वैद्यकीय कारणांवरून करणे. तिसरे, निवडलेल्या प्रत्येक मुलासाठी पहिल्या भेटीपासून रिटेनरपर्यंतचा संपूर्ण खर्च, बसभाड्यासह, आरंभीच बाजूस काढून ठेवणे. यासाठी दंतोपचार भेट-निधी असे स्वतंत्र शीर्ष हिशेबात असावे. निधी पाच मुलांना पुरत असेल तर पाचच मुलांचा उपचार हाती घ्यावा व पाचही पूर्णत्वास न्यावेत. दहा सुरू करून पाच सोडून देणे धर्मादाय कार्यास शोभणारे नाही.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आपल्याकडे आहे. चण्यांची सोय करणे सर्वस्वी कोणाच्या हाती नसते. मुलांचे दात वेळेवर पाहणे व हाती घेतलेला उपचार शेवटास नेणे मात्र आपल्या हाती आहे.